कोणती खिडकी

केमीत सकाळी नऊला अजून अंधारच असतो.
मी गाडी बाहेर लावली, फाळाला चिकटलेला बर्फ तसाच,
आणि वाचनालयामागच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या.
मग एक काढून टाकली.
रिकामी खुर्ची दिसली की माणसं तिच्याशीच बोलायला लागतात.

पगार नाही या कामाला. चार शनिवारचं शिक्षण,
एक ओळखपत्र, आणि एक सूचना:
मध्यस्थाला गप्प बसता आलं पाहिजे.
रात्री एकटा बर्फ ओढणाऱ्याला ते शिकवावं लागत नाही.

लेम्पी वाराकल्लिओ आधी आल्या. वय एकाहत्तर.
कोट काढला नाही. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.
मग यार्को, एकोणीस वर्षांचा,
कानांच्या पाळ्या थंडीनं लाल.
त्याच्या देखरेख अधिकारी बाई दाराबाहेरच थांबल्या.

कागदावर सगळं होतं:
दुर्बीण, चांदीचे सहा चमचे, नाण्यांची बरणी,
मासेमारीचं एक रीळ.
क्षमेचं वाक्य तो पाठ करून आला होता.
अर्ध्यावर लेम्पीबाईंनी हात वर केला.
"ते राहू दे. मला एकच सांग.
कोणती खिडकी?"

त्याला कळेना.

"अकरा खिडक्या आहेत माझ्या घराला.
दोन वर्षं रोज रात्री अकराही तपासते,
झोपायच्या आधी एकदा, आणि मग तीनला.
आर्ने तळघराची उघडी ठेवायचा, मांजरासाठी.
सगळं खापर मी त्याच्याच डोक्यावर..."
पर्सची कडी उघडली, मिटली.
"जेवताना म्हटलं. पाहुण्यांपुढे म्हटलं.
इस्पितळात, नाकात नळ्या होत्या तेव्हासुद्धा एकदा म्हटलं.
मार्चमध्ये गेला तो."

यार्को स्वतःच्या बुटांशी बोलल्यासारखा बोलला.
"खिडकी नव्हती.
मागचं दार. सॉनाचं.
नुसतं ढकललं."

आणि कुणी विचारलं नव्हतं तरी:
"आत अजून ऊब होती. फळ्या ओल्या होत्या.
बर्चच्या पानांचा वास येत होता.
मी बसलो तिथं. हात गरम होईपर्यंत.
मग घरात गेलो."

त्या रात्री सॉनातून शेवटचं कोण निघालं,
अंगातून वाफा निघत असताना
पायरीवर चांदण्या बघत कोण उभं राहिलं,
आणि आत येताना कडी
हे कुणीच विचारलं नाही.
लेम्पीबाईंच्या चेहऱ्यावर मी ते येताना पाहिलं,
सरळ रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे येतात तसं,
कितीतरी वेळ लांब, आणि मग एकदम.

गप्प बसता आलं पाहिजे.
मी बसलो.

मग करार. महिन्याला चाळीस युरो, पंधरा हप्ते.
चमचे वितळवून झाले होते, त्याला इलाज नाही.
"आणखी एक," त्या म्हणाल्या.
"मी सांगितलं तर त्याला वाटेल,
बाई आता गोड बोलतेय, उशिरानं.
तू चल माझ्याबरोबर.
तू सांग त्याला, खिडकी नव्हती म्हणून."

पोराचा चेहरा पांढराफटक.
चोरीच्या रात्री तो एवढा घाबरला नसावा.

माझ्यासमोरच्या फॉर्मवर चौकोन होते:
भरपाई रोख, भरपाई कामातून, क्षमायाचना, इतर.
'इतर'पुढं दीड ओळीची जागा.
मी लिहिलं, दोघं एकदा भेटतील.
कुठं, ते लिहिलं नाही.
यार्कोनं सही केली. हो म्हणाला नाही,
नाहीही म्हणाला नाही.
बाहेर त्या अधिकारी बाईंनी विचारलं, "कसं झालं?"
"सही झाली," मी म्हटलं.

रविवार ठरला होता. शनिवारी रात्रभर पडत राहिलं.
दफनभूमीचा रस्ता माझ्या यादीत सातवा,
इस्पितळ, बंबखाना, पूल, सगळं झाल्यावर.
त्या दिवशी मी तो दुसरा घेतला.
फाळ खाली टाकला, सावकाश गेलो,
दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी रुंदी,
जास्त नाही.
फाटकापाशी वळलो तेव्हा उजाडलं नव्हतं.
बंबखान्याकडून दोनदा फोन येऊन गेला होता.